मदत हवी आहे: मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) ५ टक्के, म्हणजे बाकीचे सगळे मेलेले का?

घोडबंदरवासी: सीमेन अ‍ॅनालिसिसचा (वीर्यतपासणीचा) रिपोर्ट आलाय. काउंट ठीक, मोटिलिटी ५ टक्के. लॅबवाला तोंडी म्हणाला, "बाकीचे डेड आहेत." आमचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार. बायको कालपासून नीट जेवलेली नाही. ठाणे-नवी मुंबईत जिवंत-मृतची तपासणी नीट कुठे होते? प्लीज लवकर सांगा.

वाशीकर ताई: नमुना तिथेच दिलात की घरून नेलात? आधीच्या वीर्यस्खलनापासून किती दिवसांचं अंतर होतं? रिपोर्टवर व्हायटॅलिटीची, म्हणजे किती शुक्राणू जिवंत आहेत त्याची, ओळ आहे का?

घोडबंदरवासी: दिवसांचं अंतर लॅबने सांगितलं तेवढंच. नमुना घरून नेला, कासारवडवलीहून नौपाड्याला. कापूरबावडीला नेहमीसारखे अडकलो. व्हायटॅलिटी कुठेच लिहिलेली नाही. पण याचा काय संबंध?

स्लाइडवाली: संबंध आहे, दादा. मी लॅबमध्येच काम करते. नमुना अर्ध्या तासात, फार तर तासाभरात तपासायला घ्यावा लागतो. एसी गाडीत डबी गार पडली तरी हालचाल मंदावते. आणि न हलणारा म्हणजे मेलेला नव्हे! त्यासाठी इओसिन-निग्रोसिन हे रंग लावतात. मेलेल्याचं आवरण फाटलेलं असतं, रंग आत शिरतो आणि डोकं गुलाबी दिसतं. जिवंत असतो तो काळसर पार्श्वभूमीवर पांढराच राहतो. असे २०० मोजायचे. डब्ल्यूएचओच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या आवृत्तीत जिवंतांची खालची मर्यादा ५४ टक्के आहे. हे न करता "डेड" म्हणणं चूक आहे.

रानवाटा: अश्वगंधा सुरू करा. मला गुण आला.

स्लाइडवाली: आधी निदान तर होऊ द्या! जिवंत असून हलत नसतील तर शेपटीच्या रचनेत दोष असू शकतो, तिथे चूर्ण काय करणार?

रानवाटा: माझा अनुभव खोटा आहे का?

ऐरोली_७०८: इओसिनपेक्षा एचओएस चाचणी करा. पातळ द्रावणात जिवंताची शेपटी फुगून गुंडाळते. आमच्या इक्सीच्या (एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडतात त्या उपचाराच्या) वेळी तसेच निवडले होते.

स्लाइडवाली: ते इक्सीसाठी. रंगवलेला शुक्राणू वापरता येत नाही, म्हणून तिथे एचओएस. यांना अजून निदानच हवंय.

कळवेकर काका: दत्तक घ्यायचं असेल तर काराच्या (सरकारी दत्तक संस्थेच्या) पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. रांग मोठी असते.

घोडबंदरवासी: काका, ते विचारलेलं नाही. कुठे जाऊ, एवढंच सांगा.

वाशीकर ताई: आयव्हीएफ सेंटरची अँड्रोलॉजी (पुरुषांच्या प्रजनन तपासण्यांची) लॅब बघा. जाण्याआधी फोन करून विचारा, व्हायटॅलिटी करता का आणि नमुना द्यायला वेगळी खोली आहे का. बरं, मध्यंतरी ताप वगैरे येऊन गेला का?

घोडबंदरवासी: गेल्या महिन्यात टायफॉइड झाला होता. आता बरा आहे.

स्लाइडवाली: अहो, हे आधी सांगायचं ना! शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तापाचा परिणाम तेवढा काळ रिपोर्टमध्ये दिसू शकतो. आता लॅबमध्येच नमुना देऊन व्हायटॅलिटीसकट तपासून घ्या, मग तीन महिन्यांनी पुन्हा. डॉक्टरांना तापाचं आणि घेतलेल्या औषधांचं सांगाच. आणि वहिनींना आज जेवायला लावा, या एका कागदावरून काहीच ठरत नाही.

घोडबंदरवासी: सकाळीच फोन करतो. तिलाही हे वाचायला दिलंय.

रानवाटा: चूर्ण दुधातून घ्या, पाण्यातून नको.