शब्दचर्चा : 'ट्रॅडिशनल हॉट रॉड'ला 'पारंपरिक' म्हणावे का?

प्रश्न

दक्षिण कॅलिफोर्नियात आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त गृहस्थ गेली तीन वर्षे १९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरवर, म्हणजे दोन आसनांच्या उघड्या मोटारीवर, काम करीत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-चार वर्षांत याच भागातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेऊन, त्या हलक्या आणि वेगवान करून, आटलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर पळवीत असत. नेमकी तशी गाडी त्यांना हवी आहे. शनिवारी मी त्यांच्या हाताखाली असतो आणि या कामाविषयी मराठीत एक लेख लिहीत आहे. अशा गाडीला इंग्रजीत 'ट्रॅडिशनल हॉट रॉड' म्हणतात. मी 'पारंपरिक हॉट रॉड' असे लिहिले आणि पहिल्याच वाक्यात अडखळलो. पारंपरिक म्हटले की पैठणीचे विणकाम किंवा घरातला कुळाचार डोळ्यांपुढे येतो, म्हणजे वाडवडिलांकडून आलेले आणि आपण न मोडता पुढे नेलेले काही. १९४८ साली हे तरुण तर कारखान्यातून आलेली चांगली गाडी कापत होते. मग 'पारंपरिक' हा शब्द येथे खोटा ठरत नाही का? त्याशिवाय 'बिल्ड', 'हॉट', 'चॉप' आणि 'चॅनेल' या शब्दांसाठीही आपले मत हवे आहे.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. हे विशेषण त्या तरुणांनी स्वतःच्या गाडीला लावलेले नव्हते; ते मागाहून चिकटले आहे. पूर्वी आपल्याकडे नुसता 'माग' होता, यंत्रमाग आल्यावर त्याला 'हातमाग' म्हणावे लागले. त्याचप्रमाणे फायबरच्या बॉड्या, रुंद टायर आणि अलीकडची इंजिने घेऊन नव्या हॉट रॉड तयार होऊ लागल्या, तेव्हा जुन्या रीतीने केलेल्या गाडीला वेगळे ओळखण्यासाठी विशेषणाची गरज पडली. म्हणून येथे 'ट्रॅडिशनल'चा अर्थ 'परंपरेने आलेले' असा नसून 'अमुक सालापर्यंत जे उपलब्ध होते, तेवढ्यावरच केलेले' असा आहे. हा अर्थ तारखेला बांधलेला आहे. १९४० च्या दशकाची अखेर म्हटली की ही तारीख फार महत्त्वाची ठरते, कारण १९४९ सालच्या ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांत व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात असणारी नवी व्ही-आठ (इंग्रजी व्हीच्या आकारात आठ सिलिंडरांची) इंजिने आली आणि पुढच्या काही वर्षांत फोर्डच्या जुन्या इंजिनाची सद्दी संपत गेली. आपल्या शेजाऱ्यांच्या गाडीत तसले इंजिन बसवले, तर ती उत्तम गाडी होईल, पण १९४८ ची होणार नाही.

मराठीत मी 'जुन्या वळणाची' असे लिहीन. वळण शब्दात रीत आहे, घडवणाऱ्याचा हात आहे, अक्षराचे वळण म्हणताना येते ती ओळखही आहे. पूर्वजांचे ओझे मात्र नाही. तारीख सांगायची असेल तेथे '१९४८ च्या वळणाची' असे सरळ लिहावे. काही जण 'कालानुरूप' सुचवतील, परंतु तो शब्द कृपया टाळावा. कालानुरूप बदलणे म्हणजे आजच्या काळाप्रमाणे बदलणे, आणि आपल्याला नेमके त्याच्या उलट सांगायचे आहे.

'जीर्णोद्धार' हा शब्दही येथे चालणार नाही. जुन्या मोटारींचे जे शौकीन गाडी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करतात, त्यांच्या कामाला तो शोभतो. आपले शेजारी गाडीला १९३२ मध्ये नेत नाहीत, १९४८ मध्ये नेत आहेत. 'मॉडिफाय'साठी 'फेरफार'ही नको, कारण वाचकाला सातबाऱ्यावरची नोंद किंवा विजेच्या मीटरशी केलेली लबाडी आठवेल. 'बदल करून घेतलेली' एवढे पुरेसे आहे.

प्रतिसाद २

माझे आयुष्य कोल्हापुरातील गॅरेजमध्ये गेले, म्हणून कामाच्या शब्दांबद्दल लिहितो.

'बिल्ड'साठी 'बांधणे' निःशंकपणे वापरावे. ट्रकची नुसती चासी, म्हणजे खालचा सांगाडा, घेऊन आल्यावर मालक बॉडी 'बांधून' घेतो. 'निर्माण' किंवा 'उभारणी' असे आमच्यात कोणी म्हणत नाही. इंजिन मात्र बांधत नाहीत. ते खोलले की 'इंजिनाचे काम काढले' असे म्हणतात, आणि आपल्या लेखातही तसेच म्हणावे.

'हॉट'चे भाषांतर 'गरम' करू नये, असा माझा आग्रह आहे. गाडी गरम झाली म्हणजे रेडिएटर उकळला, असाच अर्थ मराठी वाचक घेईल. हा धोका या गाडीच्या बाबतीत अधिक आहे. फोर्डने १९३२ मध्ये आणलेल्या व्ही-आठ इंजिनाचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्यातच आहेत, त्यामुळे हेड जवळजवळ सपाट झाकणासारखे राहते आणि त्यावरून त्याला 'फ्लॅटहेड' नाव पडले. जळलेला वायू या रचनेत ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेजवळून वाट काढत बाहेर जातो आणि पाणी तापवतो. हे इंजिन खरोखरच लवकर तापते, म्हणून 'गरम' लिहिले तर वाचकाला ती स्तुती न वाटता तक्रार वाटेल. 'हॉट रॉड' हे नाव तसेच ठेवावे. त्यातील 'रॉड' हा 'रोडस्टर'चा तुकडा की इंजिनातील कनेक्टिंग रॉड, यावर इंग्रजी जाणकारांतही एकमत नाही. मग आपण एक बाजू धरून भाषांतर का करावे?

'चॉप'साठी, म्हणजे छत कापून गाडी बुटकी करण्यासाठी, 'टप कापणे' हे बंद गाडीला लागू पडते. रोडस्टरला पक्का टप नसतो, दारात वर-खाली होणाऱ्या काचाही नसतात. कापडी टप असतो आणि समोरची काच वेगळ्या खांबांवर उभी असते. तिथे खांब आखूड करतात आणि कापडी टपाच्या कमानीही त्याच मापाने कमी करतात. म्हणून 'काचेचे खांब आखूड केले' असे लिहावे. 'चॅनेल' करणे म्हणजे बॉडीची जमीन कापून ती चासीच्या दोन लांब पट्ट्यांवरून खाली उतरवणे. 'बॉडी चासीवर खाली बसवली' म्हटले की कोणत्याही फिटरला समजेल. फेंडरला मात्र 'मडगार्ड'च म्हणावे.

एक जाता जाता सांगतो. १९३२ च्या फोर्डला तिकडे 'ड्यूस' म्हणतात, कारण सालाच्या शेवटी दोन आहे आणि पत्त्यांतील दोनच्या पानाला ते तेच नाव देतात. आपल्या पत्त्यांत त्याला दुर्री म्हणतात. लेखात एकदा तरी 'दुर्री' येऊ द्यावी.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. हातमागाचा दाखला वाचल्यावर माझी आणखी एक गाठ सुटली. शेजाऱ्यांची गाडी 'हायबॉय' आहे. मी त्याचे 'उंच केलेली' असे भाषांतर केले होते, आणि ते चुकीचे होते. त्या गाडीत काहीही उंच केलेले नाही. मडगार्ड काढले आहेत, पण बॉडी कारखान्याने बसवली तशीच चासीच्या वर आहे. खाली बसवलेल्या गाड्या शेजारी उभ्या राहिल्या, म्हणूनच ती उंच ठरली. मी आता 'न उतरवलेली' असे लिहितो आहे. नकारार्थी आहे, पण खरे आहे.

'रोडस्टर'बद्दलही एक आठवण झाली. आमच्या लहानपणी सायकलच्या दुकानात काळ्या, उभ्या, २८ इंची चाकांच्या सायकलीला रोडस्टर म्हणत. इंग्रजीतही हा शब्द प्रवासाच्या घोड्याला, मग सायकलीला आणि शेवटी मोटारीला लागला. त्यामुळे मराठी वाचकासाठी तो परका नाही, मात्र त्याला सायकल आठवू नये म्हणून पहिल्या उल्लेखात 'दोन आसनांची उघडी मोटार' असे जोडले आहे.

आपल्या सूचनांनंतर लेखाचा आरंभ असा झाला आहे :

"ही १९३२ ची फोर्ड रोडस्टर, म्हणजे दोन आसनांची उघडी मोटार, अर्थात 'दुर्री', १९४८ च्या वळणाने बांधलेली हॉट रॉड आहे. बॉडी उतरवलेली नाही, मडगार्ड काढलेले आहेत आणि काचेचे खांब दोन इंचांनी आखूड आहेत. ब्रेक १९३९ च्या फोर्डचे आहेत, कारण त्याच वर्षी फोर्डने दोरखंडी-सळईचे ब्रेक सोडून तेलाचे ब्रेक दिले. इंजिनाचे काम काढले तेव्हा एकाऐवजी दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर बसवले."

'दोरखंडी-सळईचे' हा माझा शब्द मलाच पटलेला नाही. पायाचा जोर सळयांमधून चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या जुन्या ब्रेकला गॅरेजमध्ये काय म्हणत असत?

प्रतिसाद २

'दोरखंडी' काढून टाकावे. १९३२ च्या फोर्डमध्ये सळयाच आहेत. आमचे वडील त्यांना 'सळईचे ब्रेक' म्हणत, आणि ब्रेक चारही चाकांना सारखा लागेपर्यंत त्या सळया घट्ट-सैल करीत बसत.