लंडनजवळ आबांना दाखवण्यासारखी शेती + रान असं काही आहे का? (मे, २ दिवस)

मिरजवाली
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आई-आबा मे मध्ये आमच्याकडे स्लाऊला येतायत, पहिल्यांदाच. लंडन नवरा फिरवेल पण आबांना पूल आणि राजवाडे यात काडीचा इंटरेस्ट नाही, फोनवर पहिला प्रश्न काय तर "तिकडं शेती कशी करत्यात ते दाव". सांगली जिल्ह्यात ऊस आणि थोडी द्राक्षं आहेत, सगळं आयुष्य रानात गेलंय. आईला पक्षी, झाडं, फुलं आवडतात. तर दोघांचं जमेल अशी एखादी खरी शेतीवाडीची इस्टेट सुचवा, जिथे झाडी असेल, जनावरं दिसतील. पेटिंग फार्म प्लीज नको, शेळीला चारा घालून फोटो काढायला आबा इतक्या लांब येणार नाहीत, घरी चार आहेत. आईचे गुडघे दुखतात, तास-दीड तास चालते. दोघं शाकाहारी.

बांधावरचा_बगळा
क्नेप इस्टेट, वेस्ट ससेक्स. डोळे झाकून जा. होर्शमच्या दक्षिणेला, ए२४ रस्त्याला लागूनच, स्लाऊहून गाडीने एम२५ हायवे धरून खाली उतरायचं. ट्रेनने यायचं तर व्हिक्टोरियाहून होर्शम आणि पुढे टॅक्सी, पण आईचे गुडघे बघता गाडीच बरी.

जागा साडेतीन हजार एकर. मालक चार्ली बरेल, १९८० च्या दशकात आजीआजोबांकडून शेती हातात आली, गहू आणि डेअरी सगळं मॉडर्न पद्धतीने करून बघितलं पण ती ससेक्सची चिकण माती, हिवाळ्यात ट्रॅक्टर रुततो आणि उन्हाळ्यात दगड होते, दरवर्षी खड्डा. शेवटी २००० साली दुभती जनावरं, मशिनरी सगळं विकलं, आणि २००१ पासून जमीन हळूहळू सोडून दिली. आतली कुंपणं काढली आणि लाँगहॉर्न गाई, एक्समूर पोनी, टॅमवर्थ डुकरं, हरणं मोकळी सोडली. ती चरतात, उकरतात, झाडं मोडतात, बाकीचं रान आपोआप होतं.

फक्त आबांना आधी सांग की नांगर-पेरणी असं काही दिसणार नाही. आमच्या सासऱ्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं होतं की मालक वारला का.

मिरजवाली
😂😂 आबा हेच विचारणार. पण मे मध्ये दिसेल काय नक्की?

पावशा
मे म्हणजे बेस्ट महिना, ताई. आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण दर वेळी हा घोळ होतो. तिथला फेमस पक्षी नाइटिंगेल, त्याला आपल्याकडे सर्रास बुलबुल म्हणतात, पण तो बुलबुल नव्हे! आपला बुलबुल तारेवर बसून कलकल करणारा, हा साधा तपकिरी, दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. आपल्या करवंदाच्या जाळीसारख्या काटेरी जाळ्या तिथे माजल्यात त्यात आत बसून गातो, एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत. दिवसाही गातो पण खरी मजा रात्री दहानंतर, म्हणून एक रात्र तिथेच राहा. इस्टेटीत कॅम्पिंग आहे, तंबू आणि लाकडी झोपड्या, पण गुडघेदुखी असेल तर जवळच्या गावात साधं बी अँड बी (खोली आणि सकाळचा नाश्ता) घ्या, रात्री टॉयलेटला अंधारात चालत जावं लागलं की सगळा नाइटिंगेल विसरायला होतो (स्वानुभव, दुसऱ्या कॅम्पवर).

दुसरं म्हणजे पांढरे करकोचे. ओकच्या शेंड्यावर ही मोठमोठी घरटी. २०२० मध्ये इथे पिल्लं झाली, त्याच्या आधीची ब्रिटनमधली नोंद १४१६ ची, एडिंबरातल्या चर्चच्या छपरावरची. म्हणजे सहाशे वर्षांचा गॅप. पोलंडहून आणलेल्या पक्ष्यांपासून सुरुवात झाली. त्यांना गळा नाही, चोच वाजवतात, लांबून टिपऱ्या खेळल्यासारखा आवाज येतो. आईंना हे नक्की आवडेल.

होलेही आहेत, तिथे टर्टल डव्ह म्हणतात, पूर्ण देशात भयंकर कमी झालेत. पर्पल एम्परर फुलपाखरू मात्र मे मध्ये नाही, त्याला जूनच्या शेवटी-जुलैत जा. देशातली सगळ्यात मोठी संख्या तिथे. आणि हा जांभळा बादशहा फुलांवर बसत नाही बरं का, शेणावर उतरतो.

हिशेबी
मी जरा उलटं बोलतो. साडेतीन हजार एकर बापजाद्यांची असली की तण वाढवणं परवडतं. अडीच एकरवाल्याला सांगा जमीन सोडून दे म्हणून. आणि सगळ्यांनी असंच केलं तर गहू कुठून आणायचा? शेजारच्या शेतकऱ्यांनीही बोंब मारली होतीच की, ह्यांचं तण आमच्या रानात येतं म्हणून.

बांधावरचा_बगळा
@हिशेबी मुद्दा रास्त आहे. तेही सगळीकडे असं करा म्हणत नाहीत, जिथे माती मुळात पिकाची नाही तिथे करा म्हणतात. पैसा सरकारी अनुदान, सफारी-कॅम्पिंग, जुन्या इमारतींची भाडी आणि मांस यातून येतो. हो, मांस. लांडगे नाहीत त्यामुळे जनावरं वाढली की माणूसच कमी करतो. @मिरजवाली गाई बघून आबा हात जोडणार असतील तर हा विषय दुकानात शिरायच्या आधी कानावर घाल.

तणाचा एक किस्सा मात्र भारी आहे, २००९ मध्ये काटेरी थिसल एकरच्या एकर माजलं होतं, त्याच वर्षी पेंटेड लेडी फुलपाखरं लाखांनी आली आणि त्यांच्या अळ्यांनी ते फस्त केलं.

डोंबिवली_टू_डॉर्किंग
प्रॅक्टिकल:
पायवाटा पब्लिक आहेत, चालायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे पडतात. झाडांवर माचाणं बांधलीत, वर चढलात तर हरणं दिसतात. गाडीतली सफारी वेगळी, ती लवकर बुक करा, मे भरलेला असतो. लहान मुलं असतील तर वयाची अट वाचून घ्या.
गोचीड!! हरणं आहेत म्हणजे गोचीड आहेतच. लांब पँट, मोजे वरून ओढायचे, रात्री गुडघ्यामागे-काखेत बघायचं. गोचीड चावून होणारा लाइम डिसीज ही चेष्टा नाही.
वासरू असलेल्या गाईजवळ जायचं नाही, पोनीला काही भरवायचं नाही.
पाऊस झाला असेल तर वेलिंग्टन बूटच. चिखल असा की बूट तिथे आणि पाय घरी.
शिप्लीची जुनी पवनचक्की जवळच आहे, १८७९ ची. आणि वेळ उरला तर ए२४ तसाच खाली वर्दिंगला समुद्रापर्यंत जातो.

मिरजवाली
जाऊन आलो काल! सगळ्यांचे आभार, जरा लांब लिहिते.

गाडीतून उतरल्या उतरल्या आबा, "आगं हे तर पडीक रान. ह्यो मालक आळशी दिसतोय." मग वाटेवरचं कसलंतरी तण वाकून उपटायलाच लागले, हाताला सवय. आई ओरडली, "अहो, दुसऱ्याचं रान आहे ते!"

लाँगहॉर्न बघून थांबले मात्र. आमच्याकडे आजोबांच्या वेळेला खिल्लार जोडी होती, तिची शिंगं वर गेलेली, ह्यांची खाली वळून तोंडाला वेढा घालतात. "दूध किती देत्यात?" म्हटलं काढतच नाहीत, वासरू पितं. त्यावर पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मांसाचं मी सांगितलं, बगळाने सांगितल्याप्रमाणे, तेव्हा म्हणाले "मला वाटलंच".

त्यांना खरं पटलं ते एकच. काटेरी जाळीच्या मधोमध ओकचं रोप उभं होतं, गाईडने सांगितलं की जे नावाचा पक्षी बी पुरून ठेवतो आणि काट्यांमुळे हरणं तोंड घालू शकत नाहीत. आबा म्हणाले, "म्हंजे बाभळीचं फास लावल्यागत." आपण आंब्याच्या रोपाला लावतो ना, तसं. मग दिवसभर जिथे जाळी दिसेल तिथे वाकून आत रोप आहे का बघत होते, आम्हाला उशीर.

आईने करकोचे बघितले, आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून मिरजेच्या मावशीला पाठवला, मावशीचा रिप्लाय "कोणाचं गॅदरिंग आहे?"

नाइटिंगेल रात्री साडेदहाला ऐकला, थंडीत, शाली गुंडाळून. आई म्हणाली सुंदर. आबा म्हणाले, "झोपू देत नसंल हा मालकाला."

निघताना मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरडून बघितलं आणि निकाल दिला, ऊस येईल पण पाणी साठंल, चर काढाय लागंल.

हिशेबी
आबांना माझा नमस्कार सांगा. बी अँड बी कुठलं घेतलं? आमचेही जुलैत येतायत.

मिरजवाली
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जुलैत जाताय तर फुलपाखरासाठी शेणाजवळ उभे राहा 😄 आणि गोचीड चेक करा, नवऱ्याला एक निघाली.