गेमिंग पीसीला दुसरी ड्राइव्ह : हार्ड डिस्क आता घ्यावी का?

धागाकर्ता : माझी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह) भरली, एकटा बाल्डर्स गेट ३ च १५० जीबी मागतो. मित्र म्हणतो ४ टीबीची हार्ड डिस्क टाक आणि मोकळा हो. माझं मत, गेमसाठी हार्ड डिस्क आता नकोच. सायबरपंकने २०२३ मध्ये किमान गरजेतच एसएसडी टाकली, स्टारफिल्डनेही तेच केलं.

जुनागडी : सरसकट नकोच हे काही पटलं नाही. मी जुने गेम जास्त खेळतो, ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) हार्ड डिस्कवर मस्त चालतात, लोडिंगला थोडं थांबायचं, एकदा लेव्हल मेमरीत आली की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तेवढाच. त्याच पैशात जागा कितीतरी जास्त. आणि स्टीममध्ये (गेम घ्यायचं नि चालवायचं अ‍ॅप) गेम एका ड्राइव्हवरून दुसरीवर हलवता येतो, परत डाउनलोड नाही, मग चालू गेम एनव्हीएमईवर ठेव आणि बाकीचे इकडे. फक्त एसएमआरवाली (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी डिस्क) घेऊ नकोस, सलग मोठं लिहायला लागलं की पार झोपते, सीएमआर (ट्रॅक सुटे ठेवणारी) बघून घे.

धागाकर्ता : दादा, ओपन वर्ल्डमध्ये सगळं एकदाच मेमरीत येत नाही ना! गाडी पळवली की पुढचा रस्ता तेव्हाच लोड होतो, डिस्कचं हेड इकडून तिकडे धावत बसतं आणि गेम अडकतो. मी दोन वर्षं हे सहन केलंय, परत नाही.

सटावाला : अरे मधला रस्ता आहे की, सटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच सटा पोर्टला जोडायची). सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, जेन ४ (पीसीआयईची चौथी पिढी) एनव्हीएमई ७००० पर्यंत जाते, पण बहुतेक गेममध्ये लोडिंगचा फरक काही सेकंदांचाच, कारण डेटा आला तरी तो उलगडायचं काम सीपीयूकडे असतं. डायरेक्टस्टोरेज (हे काम ग्राफिक्स कार्डकडे देऊ शकणारं विंडोजचं तंत्र) वापरणारे गेम अजून मोजकेच.

धागाकर्ता : मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसवायची खाच) रिकामा असताना सटा कशाला? मॅन्युअल मात्र आधी वाचा, काही बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की एखाद-दुसरा सटा पोर्ट बंद होतो. बॉक्सवरच्या ७००० च्या मागे मीही लागणार नाही, टीएलसी (चिपच्या एका सेलमध्ये ३ बिट) आहे ना एवढं बघेन, क्यूएलसीचा (एका सेलमध्ये ४ बिट) कॅश, म्हणजे लिहिण्यासाठीचा वेगवान भाग, भरला की लिहायचा स्पीड धाडकन पडतो.

जुनागडी : गेम आधी मोठाच्या मोठा लिहायचा एकदाच, नंतर नुसतं वाचायचं, मग क्यूएलसीने काय बिघडतं? आणि तुझी रेकॉर्डिंग कुठे ठेवणार?

धागाकर्ता : क्यूएलसीचं मान्य, नुसते गेम ठेवायचे तर चालेल. रेकॉर्डिंगला हार्ड डिस्क घेईन, ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट, ८ बिटांचा एक बाइट) व्हिडिओ म्हणजे सेकंदाला ६ एमबीच, तिला सहज झेपतो. गेम मात्र तिच्यावर एकही टाकणार नाही.