गेमवरून काढलेला ॲनिमे सिनेमा: रूपांतर, माध्यमांतर की अजून काही?

ताकपिठं: एका अंकासाठी जपानी ॲनिमेशनपटांवर लेख लिहितेय. त्यात २०१९ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट: युअर स्टोरी' बद्दल मी "ड्रॅगन क्वेस्ट या गेम मालिकेचे रूपांतर" असं लिहिलं होतं, तर संपादकांनी दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली. मालिका म्हटलं की लोकांना टीव्हीवरची वाटते म्हणे, आणि रूपांतरच्या जागी 'अनुकूलन' सुचवलंय. अनुकूलन वाचून मला शाळेतला उंट आणि निवडुंग आठवला. परवापर्यंत द्यायचंय, सुचवा काहीतरी.

तिसरी घंटा: संपादकांचा उपाय चुकला पण आक्षेप बरोबर आहे. रूपांतर हा आपल्याकडे नाटकाचा शब्द. भाषांतरात लंडन लंडनच राहतं, रूपांतरात गाव, नावं, बोली सगळं आपलं होतं. शॉच्या नाटकातली फुलवाली पुलंनी 'ती फुलराणी'त आणली ते रूपांतर. इथे जपानी गेमचा जपानी सिनेमा झालाय, बदललं ते फक्त माध्यम. म्हणून माध्यमांतर. विषय संपला.

ओली भेळ: संपला कसला, "ऊर्जेचे रूपांतर" काय नाटकातलं आहे का? 😀 फरक प्रत्ययात आहे बघा. "बर्फाचं पाण्यात रूपांतर", "कादंबरीचं नाटकात रूपांतर", असं कशात ते सांगितलं की कुणाला खटकत नाही. नुसतं "गेमचं रूपांतर" म्हटलं की अर्धवट वाटतं आणि मग तुमचं नाटक आठवतं. "गेमचं सिनेमात रूपांतर" लिही, मिटलं.

तिसरी घंटा: रूपांतर म्हटल्याबद्दल निदान आभार. हल्ली सगळे 'रूपांतरण' लिहितात. तो शेपटाचा ण हिंदीतून आलाय.

गल्लीबोळ: ण ला नावं ठेवू नका, 'विद्युतीकरण' लिहिताना हात थरथरतो का तुमचा?
मी थोडं जपानी शिकलोय म्हणून सांगतो, त्यांच्याकडे हा घोळच नाही. सिनेमा म्हणजे 'एइगा', त्याला 'का' लावायचं, एइगाका. ॲनिमे केला तर आनिमेका. हा का म्हणजे आपलं 'करण'च. मग चित्रपटीकरण का नको? आणि 'ॲनिमे' हाही त्यांनी इंग्रजी ॲनिमेशनची शेपूट छाटून केलेला शब्द आहे, छाटला आणि वापरायला लागले, शुद्ध की अशुद्ध म्हणत बसले नाहीत.

ओली भेळ: चित्रपटीकरण म्हणताना दातात अडकतं हो. शिवाय हा सिनेमा थ्रीडी आहे, हाताने काढलेला नाही, तर त्याला ॲनिमे म्हणायचं का?

गल्लीबोळ: जपानीत सगळंच ॲनिमे, थ्रीडीसुद्धा. हा भेद बाहेरच्या चाहत्यांचा. माझ्या आईला विचाराल तर सगळंच कार्टून.

कातरीची धार: इतके जड शब्द कशाला, 'बेतलेला' आहे की! "अमुक गेमवर बेतलेला सिनेमा." माझी आई ब्लाउज शिवायची, कापड बेतायला बसली की आम्हाला बोलायचीसुद्धा बंदी. बेतणं म्हणजे अंगाच्या मापाने कापणं, आणि या सिनेमाचं झालंय तेच. मालिका १९८६ पासून चालू आहे, त्यातला हा १९९२ चा पाचवा भाग, त्यात नायक पोरगा असतो, मोठा होतो, लग्न करतो, त्याला जुळी होतात, एवढं सगळं पावणेदोन तासात बसवायचं म्हणजे कातर चालणारच. लहानपण तर जुन्या गेमचीच चित्रं दाखवून भराभरा उरकलंय. आणि जुळ्यांतली मुलगी सिनेमात नाहीच, फक्त मुलगा! आई असती तर म्हणाली असती, चिंधीत गेली. (म्हणजे ताई, "मालिकेचे" हे तसंही चूकच, एका भागाचा सिनेमा आहे.)

ताकपिठं: बेतलेला छान आहे! पण पुढच्या वाक्यात नाम लागतं ना, "हे ____ चाहत्यांना रुचले नाही". तिथे काय, बेतणी?

तिसरी घंटा: बेतणी चालेल. न रुचण्याचं कारण काय पण?

ताकपिठं: शेवट फोडतेय, बघायचा असेल तर पुढचं वाचू नका. गेममध्ये नायक तोंडातून शब्द काढत नाही, कारण तो म्हणजे खेळणारे आपण. सिनेमात त्याला आवाज द्यावाच लागला, इथवर लोकांनी चालवून घेतलं. पण शेवटी कळतं की हे सगळं एक माणूस यंत्रात बसून खेळतोय, आणि व्हायरस येऊन त्याला मोठा हो म्हणून सुनावतो. ज्यांनी लहानपणी हा गेम खेळलाय त्यांना हे आपल्यालाच सुनावल्यासारखं वाटलं.

ओली भेळ: थोडक्यात सिनेमानं गेमचाच गेम केला. हेच लिही, नाम पण मिळालं 😂

गल्लीबोळ: मुंबईबाहेर कळेल का ते?

ओली भेळ: सोलापुरात कळतं, मी तिथलीच आहे.

तिसरी घंटा: बेतणे वरून आठवलं, मला कायम वाटतं की बेत हा 'वीत' वरून आला असणार. कापड वितीनेच मोजायचे ना, वीत, बेत.

गल्लीबोळ: व चा ब बंगाल्यांकडे होतो हो. आपल्याकडे वीत अजून वीतच आहे. काहीही!

तिसरी घंटा: काहीही नाही, अंदाज म्हणालो.

कातरीची धार: आई वितीने नाही, टेपनेच मोजायची. 🙏

ताकपिठं: लेख गेला. "या गेमवर बेतलेला सिनेमा" ठेवलं, नामाचं वाक्यच काढून टाकलं. मालिकेचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही, 'गेममाला' लिहिलंय, शिव्या घाला.

तिसरी घंटा: गेममाला??

मुका मार: उशिरा आलोय. 'जिवावर बेतणे' मधलं बेतणे हेच का? तिथे कोण कुणाचं माप घेतं?