मदत हवी आहे: ल्युसिल बॉलवर वीस मिनिटांचं एकपात्री, काय ठेवू आणि काय गाळू?

मंडळी, जरा डोकं चालवायला मदत हवी आहे.

आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळात बायकांचा एक कार्यक्रम आहे. प्रत्येकीने एक अमेरिकन कलावती मराठीतून उभी करायची. मी हौसेने ल्युसिल बॉल मागून घेतली आणि आता अडकले आहे. समोर भारतातून आलेल्या सासवा आणि आया असतील, त्यांनी 'आय लव्ह ल्युसी' या तिच्या गाजलेल्या विनोदी टीव्ही मालिकेचं नावही ऐकलेलं नाही. मागच्या रांगेत इथेच वाढलेली पोरं असतील, त्यांनी कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटं गुंडाळताना तिची उडालेली तारांबळ, एवढी एकच क्लिप फोनवर पाहिली आहे. दोघांनाही धरून ठेवायचं आहे.

खर्डा तयार आहे, पण वीस मिनिटांच्या बराच पुढे जातो. जन्म १९११, जेम्सटाउन, न्यूयॉर्क राज्य. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा वडील विषमज्वराने गेले. न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेने 'फार बुजरी आहे' म्हणून घरी पाठवलं. मग कपड्यांची मॉडेल, मग हॉलिवुडमध्ये घोळक्यातली नाचणारी, मग आरकेओ स्टुडिओत दुय्यम भूमिका, मग एमजीएम. तिथे केस लाल झाले, नाव मात्र 'बी ग्रेड चित्रपटांची राणी' एवढंच. हे सगळं मी भराभर उरकणार आहे. तसंही ही उमेदवारीची वर्षं कुठल्याही नटीच्या चरित्रात चिकटवली तरी चालतील.

मला खरी ती दिसते १९५१ मध्ये. वय ४०, जुलैत पहिली मुलगी झालेली आणि ऑक्टोबरच्या १५ तारखेला मालिकेचा पहिला भाग. सीबीएस या वाहिनीला तिचा रेडिओवरचा कार्यक्रम टीव्हीवर आणायचा होता, पण नवरा म्हणून क्यूबन उच्चारांचा डेसी आर्नाझ नको होता. लोकांना हे जोडपं पटणार नाही म्हणे! खरं तर दोघांच्या लग्नाला दहा वर्षं होत आली होती. तेव्हा १९५० च्या उन्हाळ्यात दोघं रंगमंचावरचा कार्यक्रम घेऊन गावोगाव फिरले. ती ढगळ कोट घालून भलाथोरला चेलो वाजवायला यायची आणि लोक हसून लोळायचे. पुढे तोच प्रवेश मालिकेच्या चाचणी भागात घेतला.

आता माझ्या अडचणी. मालकीहक्काचा भाग मला अजिबात गाळायचा नाही, पण तो सांगताना हिशेबतपासनीस बोलतोय असं वाटतं. चॉकलेटचा प्रवेश पट्ट्याशिवाय आणि एथेलशिवाय (मालिकेतली ल्युसीची मैत्रीण) एकटीने कसा करायचा? आणि शेवट कुठे करू? डेसीचं दारू पिणं, बाहेरख्यालीपणा, १९६० चा घटस्फोट हे कितपत सांगावं?

शिवाय 'तीन कॅमेऱ्यांची पद्धत तिने शोधली' आणि 'स्टार ट्रेक (ती अंतराळयानाची मालिका) तिच्यामुळे झाली' ही दोन वाक्यं खर्ड्यात आहेत. ठेवू का?

रीळवाला: तीन कॅमेऱ्यांचं वाक्य काढा. फिल्मवर एकाच वेळी अनेक कॅमेरे लावण्याचा प्रकार त्याच्या आदल्याच वर्षी एका गेम शोसाठी झाला होता. यांनी तो विनोदी मालिकेसाठी, ३५ मिमी फिल्मवर आणि समोर प्रेक्षक बसवून बसवला. श्रेय द्यायचंच तर कार्ल फ्राउंडला द्या. या मालिकेचा छायाचित्रकार, 'मेट्रोपोलिस' या मूकपटाचं छायाचित्रण केलेला माणूस! तिन्ही कॅमेऱ्यांना एकदम चालेल असा सपाट उजेड त्याने वरून पाडला, नाहीतर दर शॉटला दिवे हलवत बसावं लागलं असतं.

मालकीहक्काचं सोपं आहे. तेव्हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट जायचे आणि इतर ठिकाणी टीव्हीच्या पडद्यावरून काढलेली धुरकट फिल्म दाखवत. या दोघांना हॉलिवुड सोडायचं नव्हतं आणि सिगारेटवाल्या प्रायोजकाला पूर्वेकडे धुरकट चित्र नको होतं. मग सगळंच फिल्मवर करू, असं ठरलं. खर्च वाढला, तेव्हा दोघांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी मागितली. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण बघणार, असा तो काळ. सासवांना एवढंच सांगा: पगार कमी घेतला, पण सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतला. टाळी पडेल.

चकली: रीळवाल्यांना +१. 'स्टार ट्रेक'चं वाक्य मात्र ठेव गं. घटस्फोटानंतर १९६२ मध्ये तिने डेसीचा वाटा सुमारे २५ लाख डॉलरना विकत घेतला आणि देसिलूची, म्हणजे दोघांच्या स्टुडिओची, प्रमुख झाली. एवढ्या मोठ्या स्टुडिओच्या खुर्चीत तोवर बाई बसली नव्हती. 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन इम्पॉसिबल' दोन्ही महागडी, संचालक नाखूश, पण ही मागे उभी राहिली. आता गंमत: स्टुडिओतल्या एका अधिकाऱ्याच्या आठवणीनुसार आधी तिला वाटलं होतं की 'स्टार ट्रेक' म्हणजे दक्षिण समुद्रात दौऱ्यावर निघालेल्या नटनट्यांची गोष्ट! तो किस्सा घे, म्हणजे देवी होणार नाही तिची.

आणि गरोदरपणाचा भाग कसा विसरलीस? १९५२ मध्ये पडद्यावर पोट दाखवायचं म्हणजे संहिता पाद्री आणि रब्बींना दाखवून घ्याव्या लागल्या. १९ जानेवारी १९५३ ला सकाळी मुलगा झाला, रात्री मालिकेतल्या ल्युसीलाही झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवरच्या शपथविधीला त्याहून कमी प्रेक्षक होते.

विंगेतून: पट्टा दाखवायच्या फंदात पडू नका. तुमची मान आणि डोळे डावीकडून उजवीकडे जातील तीच पट्ट्याची गती. सुरुवातीला एक चॉकलेट, कागद, पीळ, ठेवलं. हा क्रम चारपाच वेळा अगदी नीट, कंटाळा येईल इतका नीट करा. लय प्रेक्षकांच्या अंगात बसली की मगच बिघडवा. आधी तोंडात, मग टोपीत, मग ब्लाउजमध्ये. घाई चेहऱ्यावर नको, हातात हवी. चेहरा 'सगळं ठीक आहे' असंच म्हणत राहिला पाहिजे. ल्युसिलचं तेच बळ. त्याच भागात ती ज्या बाईशेजारी चॉकलेट बुडवते ती खरोखर त्या धंद्यातली होती, आणि तिने ल्युसिलच्या थोबाडीत खरीखुरी ठेवून दिली. आपल्याकडे लोक 'उत्स्फूर्त' म्हणतात, ती आठवडाभर तालीम करायची.

शेवटाबद्दल: डेसीने मरण्याआधी लिहून ठेवलेला निरोप १९८६ मध्ये केनेडी सेंटरच्या समारंभात वाचला गेला, सगळे तिथेच संपवतात. तुम्ही संपवू नका. नवरा-बायकोच्या रडारडीत बाईचं काम वाहून जातं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. सातबारा उचलला आहे, कार्यक्रमात रीळवाल्यांचं नाव घेईन.

दारूचं एका वाक्यात सांगते, घटस्फोटाचं दुसऱ्या. १९५३ ची कम्युनिस्ट चौकशी ठेवते आहे, कारण आजोबांच्या समाधानासाठी तिने १९३६ मध्ये मतदार नोंदणीत तो पक्ष लिहिला होता, आणि आजोबांसाठी काहीही करणं सासवांना लगेच कळेल. 'हिचं लाल काय ते केस, आणि तेही खरे नाहीत' हे डेसीचं वाक्यही तिथेच.

१९८६ ची पडलेली मालिका गाळली. तेरा भागांपैकी आठच दाखवले, ते सांगायला वेळ नाही. शेवट आरकेओच्या फाटकावर: ज्या स्टुडिओत ती दुय्यम भूमिका करायची, तो १९५७ मध्ये दोघांनी विकत घेतला. १९६२ त्याच्या आधीच सांगून टाकते, क्रम उलटा झाला तर होऊ दे.

चॉकलेटचा प्रवेश काल घरी करून पाहिला. ब्लाउजमध्ये कोंबायला साडी सोयीची नाही, तेव्हा ऍप्रन घालते. आचाऱ्याची पांढरी फुगीर टोपी एडिसनच्या आसपास कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.