मदत हवी आहे : कादंबरीची कथा निर्मात्याला ऐकवण्याआधी काय करावं?

नमस्कार मंडळी. दाभोळच्या खाडीत तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या एका बाईवर मी कादंबरी लिहिली आहे. चार वर्षं त्यात गेली. अजून छापलेली नाही. अंधेरीतल्या एका निर्मितीसंस्थेने ओळखीतून कथा ऐकवायला बोलावलंय. आनंद आहे, पण धास्तीही आहे. मागे एकाला मी एक कथा चहा पिता पिता तोंडी सांगितली होती. पुढे तिचा गाभा दुसऱ्याच्या नावावर पाहिला आणि हातात पुरावा म्हणून एक चिठोराही नव्हता.

कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, मांडणीला मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणून तोंडी काही सांगायचं नाही असं ठरवलंय. दहा पानी सारांश लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी करतेय.

अडलंय ते पुढे. सारांश वाचण्याआधीच निर्मितीसंस्थेचे लोक एका फॉर्मवर सही मागतायत : 'अशाच कल्पनेवर आमचं काम आधीपासून चालू असू शकतं, त्याबद्दल दावा करणार नाही.' अशी सही कोणी केली आहे का? त्यातली कुठली ओळ बदलून घेता येते? आणि हक्क कायमचे न देता ठरावीक मुदतीसाठी द्यायचे, तर करारात काय लिहून घ्यावं? कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, एवढं वाचलंय.

भेट पुढच्या गुरुवारी आहे. कॉपीराइटचं काम पाहणारे मुंबई-पुण्यातले वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा.