सासऱ्यांची जुनी बेसबॉल कार्डं: किंमत कशी काढायची?

रानजाई
नमस्कार मंडळी. सासऱ्यांचा बेसबॉल कार्डांचा संग्रह मृत्युपत्राप्रमाणे नवऱ्याकडे आला आहे. राहतो न्यू जर्सीत, पण या खेळातलं आम्हा दोघांनाही फारसं कळत नाही. बुटांच्या दोन खोक्यांत रबरबँड लावलेले गठ्ठे आहेत, अंदाजे १,४०० कार्डं. बहुतेक टॉप्स कंपनीची, १९५२ ते १९६९ मधली, थोडी बोमनची. शंभरेक कार्डं चिकट पानांच्या फोटो अल्बममध्ये आहेत. शिवाय तळघरात १९८७ ते १९९२ची न फोडलेली खोकी. एक दुकानदार सगळ्याचे मिळून ४,००० डॉलर द्यायला तयार आहे. द्यावं का? की आधी सगळी ग्रेडिंगला (म्हणजे कंपनीकडून कार्डाच्या अवस्थेला दहापैकी गुण देऊन घ्यायला) पाठवावीत? आणि कराचं काय?

गठ्ठेबाज
दुकानदाराला थांबायला सांगा. खरा घेणारा महिन्याभराने पळून जात नाही.

आधी रबरबँड कात्रीने कापा, ओढू नका. जुनं रबर कडेला चिकटलेलं असतं, ओढलं की कागदाचा पापुद्रा घेऊन येतं. मग वर्षाप्रमाणे ढीग करा. पुढच्या बाजूला वर्ष सहसा नसतं. मागे खेळाडूची आकडेवारी ज्या हंगामापर्यंत आहे त्यात एक मिळवा. त्यानंतर प्रत्येक ढीग मागच्या क्रमांकानुसार लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मी किंमत इथेच कळते.

कारण टॉप्स वर्षभराची कार्डं एकदम काढत नसे, उन्हाळाभर टप्प्याटप्प्याने काढी. शेवटचा टप्पा येईपर्यंत पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असे आणि दुकानदार मागणी कमी नोंदवत. म्हणून वरचे क्रमांक दुर्मिळ. १९५२चे ३११ ते ४०७, १९६१चे ५२३ ते ५८९, १९६६चे ५२३ ते ५९८, १९६७चे ५३४ ते ६०९. या पट्ट्यांत कुणाला आठवत नसलेला खेळाडूसुद्धा पैसे देऊन जातो, तेव्हा ते वेगळे ठेवा.

मग नावं. १९५२: मिकी मँटल ३११, जॅकी रॉबिन्सन ३१२, विली मेज २६१. १९५४: हँक ॲरन १२८, अर्नी बँक्स ९४. १९५५: रॉबर्तो क्लेमेंटे १६४, सँडी कोफॅक्स १२३. १९६३: पीट रोझ ५३७. १९६७: टॉम सीव्हर ५८१. १९६८: नोलन रायन १७७. १९६९मध्ये मँटल ५०० पाहा; त्याचं आडनाव पिवळ्या अक्षरांत असेल तर ठीक, पांढऱ्या अक्षरांत असेल तर बरंच महाग.

१९५२चा क्रमांक १, अँडी पाफ्को, हा साधा खेळाडू. पण गठ्ठ्यात सगळ्यात वर तोच, त्यामुळे रबरबँड नेमका त्याच्याच अंगावर बसे. चांगल्या अवस्थेतला पाफ्को म्हणूनच महाग. खेळाडूंची यादी छापलेली चेकलिस्ट कार्डंही फेकू नका. पेनाने खुणा न केलेली असतील तर त्यांनाही भाव आहे.

तळघरातल्या खोक्यांबद्दल फार आशा नको. त्या काळात कंपन्यांनी बेसुमार छापलं आणि लोकांनी सगळंच जपून ठेवलं. १९८९चं अपर डेक, १९९०चं लीफ, १९९२चं बोमन एवढ्या कंपन्यांची खोकी शोधा. पाकिटं मात्र फोडू नका, बंद खोक्याला निदान गिऱ्हाईक मिळतं.

भिंगवाला
वरच्या यादीतलं एखादं नाव सापडलं की आनंद करण्याआधी पट्टी घ्या. टॉप्सचं १९५२ ते १९५६चं कार्ड ६६.७ × ९५.३ मिमी, १९५७पासून पुढचं ६३.५ × ८८.९ मिमी. कापणीत पाऊण मिमी इकडेतिकडे चालतं. त्याहून लहान भरलं तर कुणीतरी झिजलेले कोपरे लपवायला कडा कापल्या आहेत असं समजा. अशा कार्डाला आकडा मिळत नाही, नुसता ‘बदल केलेलं’ असा शेरा मिळतो आणि किंमत कोसळते.

मग दहा पट भिंगाखाली काळी अक्षरं बघा. अस्सल कार्डात ती सलग शाईची असतात. कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्याठिपक्यांची दिसतात.

अवस्था तिरक्या उजेडात तपासा. समोरून न दिसणारी घडी तिरक्या प्रकाशात उठते, आणि एका घडीने दहापैकी सातचं कार्ड तीन-चारवर येतं. पांढरी चौकट डावी-उजवी मोजा: ७०/३० पर्यंत सात मिळू शकतात, त्यापलीकडे कोपरे कोरे असले तरी गुण कापले जातात किंवा आकड्यापुढे चौकट सरकल्याची खूण लागते. मागचे च्युइंगमचे डाग, पेन्सिलची रेघ, काहीही पुसायला जाऊ नका. खोडरबराने कागदाची चमक जाते आणि ते भिंगाखाली लगेच दिसतं.

रानजाई
खूप आभार. मँटल ३११ सापडला! पण तो ६३.५ × ८९ भरतोय. क्लेमेंटे १६४ मात्र ६६.५ × ९५, कोपरे गोल झालेत, घडी नाही. अल्बममधली कार्डं निघत नाहीयेत.

भिंगवाला
तो मँटल बहुधा १९८३चा. टॉप्सने स्वतःच १९५२चा संच त्या वर्षी लहान आकारात पुन्हा छापला होता. मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. अस्सल कार्डाच्या मानाने किंमत अगदीच थोडी. ती अक्षरं खरवडून ‘अस्सल’ म्हणून विकणारेही असतात, तेव्हा मागची बाजू खरखरीत आहे का ते बघून ठेवा. क्लेमेंटेचं माप बरोबर आहे.

अल्बममधलं कार्ड नखाने उचकटू नका. वरचं प्लास्टिक सोडवा, कार्डाभोवतीचं पान कापून घ्या आणि मेण नसलेला दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) कार्ड आणि पान यांच्यामधून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे न्या. अडला तर थांबा. आधी एखाद्या फालतू कार्डावर सराव करा. सुटलेलं कार्ड कार्डांसाठीच्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात (स्लीव्ह) घाला आणि पीव्हीसीची पानं वापरू नका, ती कालांतराने चिकटतात.

मोलभाव
आता भाव. ईबेवर लोक मागतात तो आकडा बघू नका. ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा, तोच क्रमांक आणि तीच अवस्था असलेल्या शेवटच्या पाच-सहा विक्री घ्या, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्या. किमतीवर काट मारलेली दिसली तर घासाघीस होऊन सौदा कमीत झाला आहे.

१,४०० कार्डं ग्रेडिंगला पाठवणं म्हणजे वेडेपणा. पीएसए किंवा एसजीसी या ग्रेडिंग कंपन्यांकडे एका कार्डामागे टपाल, विमा धरून तीस-चाळीस डॉलर सहज जातात, आणि कार्डाची किंमत जास्त तशी फीही वाढते. माझा हिशोब असा: ग्रेड होऊन किमान दीडशे डॉलर येतील अशीच कार्डं पाठवा. तुमच्याकडे ती वीस ते चाळीस निघतील. उरलेली वर्षवार गठ्ठ्याने विका.

गोल कोपऱ्यांचा पण घडी नसलेला क्लेमेंटे एकटाच हजार डॉलरच्या वर जातो, त्यावरून ४,०००चं काय ते समजा. दुकानदाराला नफा लागतोच. बाजारभावाच्या ५० ते ७० टक्के दिले तर तो लबाडी करत नाहीये. ईबेवर विकलंत तर साधारण १३ टक्के कटतात, आणि परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांची कटकट तुमची.

कागदपत्रे
कराचं थोडक्यात. वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव. सासऱ्यांनी पाच सेंटला पाकीट घेतलं होतं हे गैरलागू. म्हणून त्या तारखेच्या आसपासच्या विक्रीचे स्क्रीनशॉट कार्डागणिक आत्ताच जतन करा. विकून त्यावर नफा झाला तर तो दीर्घ मुदतीचा धरतात आणि संग्राह्य वस्तूंवर केंद्रीय कर कमाल २८ टक्के.

न्यू जर्सीचा वारसा कर मुलाला लागत नाही. मृत्युपत्रात सुनेचं नाव असतं तर पहिल्या २५,००० डॉलरनंतर ११ टक्क्यांपासून लागला असता. त्यामुळे कार्डं ‘दोघांची’ असं कुठल्या अर्जात लिहू नका, मृत्युपत्रात आहे तेच लिहा. आणि पाठवण्याआधी प्रत्येक चांगल्या कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. रजिस्टर्ड टपालाने ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो, पण भरपाई मागताना पाकिटात काय होतं ते दाखवावं लागतं.